मधुमेह: देशाचा नकाशा आणि आपला सांगली जिल्हा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

तासगाव आणि विट्याच्या मधल्या पट्ट्यात मी २२ वर्षं जनरल प्रॅक्टिस करते. पेशंट, त्यांची पुण्या-मुंबईला असलेली मुलं, आशाताई, शाळेतले गुरुजी असे सगळे शुगरबद्दल जे विचारतात, ते इथं एकत्र केलंय. काही प्रश्न देशाच्या आकड्यांचे आहेत, काही भाकरीचे. माझ्या लेखी ते एकाच आजाराचे आहेत. हे वाचून कोणी स्वतःच्या गोळ्या बदलू नका, एवढी विनंती आधीच करून ठेवते.

भारतात नेमक्या किती लोकांना मधुमेह आहे? एका ठिकाणी १० कोटी वाचतो, दुसरीकडं ९ कोटी.

दोन्ही आकडे खोटे नाहीत, मोजमाप वेगळं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआरनं चेन्नईच्या संशोधकांबरोबर २००८ ते २०२० या काळात राज्याराज्यांत घरोघरी जाऊन १,१३,०४३ जणांची तपासणी केली. वय २० आणि त्यापुढं. त्याचे देशपातळीवरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले: ११.४ टक्के लोकांना मधुमेह, १५.३ टक्के लोक ‘बॉर्डरवर’, म्हणजे शुगर नेहमीपेक्षा जास्त, पण अजून मधुमेह नाही. २०२१ ची लोकसंख्या धरली तर हे १०.१ कोटी आणि १३.६ कोटी होतात. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ २० ते ७९ वयोगट धरतो आणि त्याचं गणित वेगळं आहे, म्हणून त्याचा २०२४ चा भारताचा आकडा सुमारे ९ कोटी येतो. जगात चीननंतर आपला नंबर.

तिसरा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा. २०१९-२१ च्या फेरीत १५ वर्षांपुढच्या १३.५ टक्के बायका आणि १५.६ टक्के पुरुषांची शुगर १४० च्या वर होती किंवा त्यांना गोळ्या चालू होत्या. ही शुगर बोटातून, दिवसात कधीही घेतलेली. जेवून उठलेल्या माणसाचीही त्यात मोजली जाते. म्हणून या आकड्याला थेट ‘मधुमेही’ म्हणता येत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारे बरेच मेसेज नेमकी हीच गल्लत करतात.

कोणत्या राज्यात जास्त आहे आणि कुठं कमी?

आयसीएमआरच्या याच अभ्यासात गोवा २६.४ टक्के, पुदुच्चेरी २६.३, केरळ २५.५ आणि चंदीगड २०.४. म्हणजे गोव्यात चार मोठ्या माणसांमागं एकाला. दुसऱ्या टोकाला उत्तर प्रदेश, ४.८ टक्के.

पहिल्यांदा हा तक्ता बघितला की वाटतं, उत्तरेकडचे लोक सुखी आहेत. तसं नाही. मधुमेह हा बऱ्याच अंशी चाळिशी-पन्नाशीनंतर दिसणारा आजार आहे. केरळ, गोव्यात लोक जास्त जगतात, लोकसंख्येत वयस्कर जास्त, शहरीकरण आधी झालं, पैसा आधी आला, अंगमेहनत आधी कमी झाली. उत्तर प्रदेश तरुण आहे आणि अजून बराचसा खेड्यात आहे. पण तिथंच बॉर्डरवरचे लोक सुमारे १८ टक्के आहेत. एका मधुमेह्यामागं जवळजवळ चार जण उंबरठ्यावर उभे. गोव्यात लाट येऊन गेली, तिथं ती यायची आहे, आणि ती जिथं येणार तिथं दवाखाने कमी आहेत. मला या नकाशातली सगळ्यात काळजीची जागा गोवा वाटत नाही, उत्तर प्रदेश वाटते.

शहर आणि गाव यांच्यातही असंच आहे. शहरात १६.४ टक्के, खेड्यात ८.९. पण बॉर्डरवरच्यांचं प्रमाण दोन्हीकडं जवळपास सारखंच. म्हणजे गावातला फरक टिकणारा नाही.

आजार वाढला म्हणता, पण पूर्वी तपासणीच नव्हती ना?

हा प्रश्न रास्त आहे. तपासणी वाढल्यानं आकडा वाढतो, हे खरं. पण वरचा अभ्यास दवाखान्यात आलेल्यांचा नाही, घरोघरी निवडलेल्या माणसांचा आहे, त्यामुळं तिथं हा आक्षेप लागू होत नाही. देशातल्या राज्यांच्या आरोग्याचा १९९० पासूनचा जो हिशेब मांडला गेला, त्यात मधुमेहींची संख्या १९९० मधल्या २.६ कोटींवरून २०१६ मध्ये ६.५ कोटींवर गेली. लोकसंख्या वाढली, आयुष्य वाढलं, हे वजा करूनही वाढ उरते.

महाराष्ट्राचा आकडा किती?

आयसीएमआरच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये, महाराष्ट्र ८.४ टक्क्यांवर होता. शहरी भागात १०.९, ग्रामीण भागात ६.५. बॉर्डरवरचे १२.८ टक्के. त्याच टप्प्यात तमिळनाडू १०.४ टक्क्यांवर होता, पण तिथले बॉर्डरवरचे ८.३ टक्केच. महाराष्ट्रात उंबरठ्यावर उभे असलेले लोक तमिळनाडूपेक्षा जास्त होते, ही गोष्ट तेव्हा कोणी फारशी मनावर घेतली नाही. त्यातले बरेच जण एव्हाना उंबरठा ओलांडून माझ्यासारख्यांच्या ओपीडीत बसलेत.

मग सांगली जिल्ह्यात किती टक्के?

आयसीएमआरच्या सर्वेक्षणाची रचना राज्याचा आकडा काढण्यासाठी होती, जिल्ह्याचा काढण्यासाठी नव्हती. राज्याच्या टक्केवारीनं सांगलीची लोकसंख्या गुणून कोणी आकडा देत असेल तर तो मानू नका. आपल्या जिल्ह्याला एकच एक आकडा लावणं मला पटतही नाही. आपला जिल्हा म्हणजे तीन-चार वेगवेगळे प्रदेश आहेत.

पश्चिमेला शिराळा, पावसाचा आणि भाताचा. मग वाळवा, पलूस, मिरजेचा कृष्णाकाठ, उसाचा. तासगाव-कवठेमहांकाळ द्राक्ष आणि बेदाण्याचं. आणि खानापूर, आटपाडी, जत हा पिढ्यानपिढ्यांचा दुष्काळी पट्टा, जिथं बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा खाऊन आणि मैलोन्‌मैल चालून माणसं जगली. सांगली-मिरज-कुपवाड हे शहर पुन्हा निराळंच.

यातला दुष्काळी पट्टा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी आलं. पाणी आलं याचा आनंद मला कोणाहूनही कमी नाही. टँकरपुढची भांडणं मी बघितलीत. पण पाण्याबरोबर ऊस आणि बागा आल्या, हातात पैसा आला, ज्वारीचं क्षेत्र हटलं, घरात रेशनचा आणि विकतचा तांदूळ-गहू वाढला. विहिरीवर जाऊन मोटर चालू करणारा माणूस आता मोबाईलवरून चालू करतो. फवारणी ट्रॅक्टरच्या ब्लोअरनं होते. रानात जायला दुचाकी. देशाच्या नकाशावर जे अंतर उत्तर प्रदेश आणि गोव्यात दिसतं, ते इथं एका माणसाच्या आयुष्यात कापलं गेलंय. वडील अंगानं काटक, सत्तरीपर्यंत एक गोळी नाही. मुलगा अडतिसाव्या वर्षी शुगर तीनशे घेऊन येतो आणि म्हणतो, ‘‘आमच्यात कुणालाच नव्हती, बाई.’’ खरं असतं ते. तो घरातला पहिलाच.

बायकांचं मात्र एक वेगळं दिसतं. खुरपणी, विरळणी, जनावरांचं शेण-वैरण हे काम अजून त्यांच्याच अंगावर आहे. त्यांची शुगर उशिरा सापडते याचं कारण वेगळंच आहे: त्या स्वतःसाठी दवाखान्यात येतच नाहीत. सासूला, मुलाला घेऊन येतात.

उसाचा जिल्हा, साखर कारखान्यांचा जिल्हा, म्हणून इथं मधुमेह वाढला का? गूळ चालतो का?

ऊस पिकवल्यानं मधुमेह होत नाही. ऊसतोड करणाऱ्या माणसाइतके कष्ट करणारा माणूस शोधून सापडणार नाही. नुसत्या गोड खाण्याला जबाबदार धरणंही अपुरं आहे. भारतीयांच्या रोजच्या खाण्यातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिठूळ-गोड पदार्थांतून, म्हणजे मुख्यतः भात, गहू आणि साखरेतून येते, आणि अडचण या सगळ्याची मिळून आहे.

पण साखर निर्दोष आहे असंही नाही. दिवसात पाच वेळा घेतलेला गोड चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला दहा चमचे झाले. आपल्याकडं पाहुण्याला ‘चहा घेणार का’ असं विचारत नाहीत, चहा आणूनच ठेवतात. मी माझ्या पेशंटना सांगते, चहा नाकारू नका, बिनसाखरेचा मागा, आणि दोनदा मागून लाजू नका.

गूळ: नाही चालत. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतात, पण तो मुख्यतः साखरच आहे आणि रक्तातली शुगर तशीच वाढवतो. मध, काकवी, उसाचा रस यांनाही हेच उत्तर. सेंद्रिय असला तरी.

आमच्या घरात कोणी जाड नाही. मग शुगर कशी?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आपल्या शेजारच्या पुण्याचा वाटा मोठा आहे. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा: २२.३. मोजल्यावर युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघं सारखेच सडपातळ. आपल्या लोकांत स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात, असं हे प्रकरण आहे.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा माग ठेवला. तिथली बाळं जन्मतः वजनानं कमी, पण चरबी त्या मानानं राखून असलेली. पोटात असताना उपासमार झालेलं शरीर काटकसरीनं वागायला शिकतं, आणि पुढं भरपूर खायला मिळालं की तीच सवय नडते. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात अन्नटंचाई झाली, त्या वेळी आईच्या पोटात असलेल्यांची शुगर मोठेपणी बिघडलेली आढळली. आपल्याकडं १९७२ चा दुष्काळ झाला. त्याच्या आगेमागे जन्मलेली, आज पन्नाशीत असलेली माणसं समोर बसली की हा विचार माझ्या मनात येतोच.

म्हणून आपल्यासाठी मापं वेगळी आहेत. बीएमआय २३ झाला की वजन जास्त समजायचं, २५ ला स्थूल. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८० सेंटिमीटर यापुढं गेली की शुगर तपासायची. वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप पुरते.

हा श्रीमंतांचा आजार ना?

राहिला नाही. २०१७ मध्ये आयसीएमआरच्या याच सर्वेक्षणाचे १५ राज्यांचे निष्कर्ष आले, तेव्हा महाराष्ट्र, तमिळनाडू, चंदीगड अशा पुढारलेल्या भागांतल्या शहरांत गरिबांमध्ये मधुमेह श्रीमंतांपेक्षा जास्त दिसला. खेड्यात अजून तो पैसेवाल्यांत जास्त आहे. श्रीमंत माणूस आधी आजारी पडतो, आधी सावरतो. तोवर आजार खालच्या घरात उतरलेला असतो, जिथं पालेभाजीपेक्षा बिस्किटपुडा स्वस्त पडतो आणि दवाखान्याचा एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते.

आमचे लोक गलाईच्या धंद्यात परराज्यात असतात. त्यांच्यासाठी काही वेगळं?

बाहेरच्या वाचकासाठी सांगते: खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली हजारो कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पसरलीत. दक्षिणेत तर बाजारपेठेच्या प्रत्येक गावात आपला माणूस सापडतो. देशाच्या मधुमेहाचा नकाशा या कुटुंबांच्या घरातच टांगलेला आहे म्हणायला हरकत नाही. एक भाऊ विट्याजवळ रानात, दुसरा केरळात दुकानात. बैठं काम, भट्टीची धग, अवेळी जेवण, दोन्ही वेळेला पांढरा भात, आणि भाषा परकी.

या लोकांचं खरं दुखणं तुटक उपचार हे आहे. जत्रेला, दिवाळीला गावी आले की माझ्याकडं तपासून जातात, तीन महिन्यांच्या गोळ्या नेतात, आणि मग पुढची भेट वर्षानं. मधले नऊ महिने कोरडे. त्यांना माझं सांगणं असं: गोळीच्या कंपनीचं नाव पाठ करू नका, आतल्या औषधाचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा. मेटफॉर्मिन सांगलीतही मेटफॉर्मिनच आणि कोईमतूरलाही. आणि तिथल्या सरकारी केंद्रात जा. तमिळनाडू, केरळमधली सरकारी आरोग्य व्यवस्था चांगली आहे, तिचा फायदा घ्यायला संकोच कसला.

मला काहीच त्रास नाही. तपासणी कशाला करू?

कारण त्रास सुरू व्हायला वर्षं लागतात आणि तोवर आत नुकसान झालेलं असतं. २०१७ च्या त्याच अहवालात, तपासणीत सापडलेल्या मधुमेहींपैकी जवळजवळ निम्म्यांना आपल्याला हा आजार आहे हे ठाऊकच नव्हतं. माझ्या मते सार्वजनिक आरोग्यावरचं खरं ओझं इथं आहे. माहीत असलेला, गोळी घेणारा मधुमेही कामाला जातो, नातवंडं खेळवतो. माहीत नसलेला एक दिवस पायाची जखम, धूसर नजर, सुजलेला चेहरा किंवा छातीतली कळ घेऊन येतो.

तिशी ओलांडली की वर्षातून एकदा तपासा. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, यातलं काही आलं तर मधुमेह. लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करायची. उपाशी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे बॉर्डर.

बॉर्डरवरच्यांना मी जरा जास्तच वेळ देते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशा ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. नुसतं खाणं आवरून आणि चालून तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. गोळी न घेता. एवढं स्वस्त औषध दुसऱ्या कुठल्या आजाराला मिळतं?

आशाताई घरी येऊन कंबर मोजतात, तंबाखूचं विचारतात. खरं सांगावं का?

खरंच सांगा. ती माहिती केंद्र सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमाची आहे, जो २०१० मध्ये सुरू झाला. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा असतो: वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, घरात कोणाला शुगर-बीपी. गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी बोलावतात. कंबर मोजताना पोट आत ओढून धरणारे कितीतरी जण आशाताईंनी बघितलेत. त्यांना हसू येतं, पण त्यात नुकसान तुमचंच आहे.

सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात का?

मिळतात. उपकेंद्र (आता पाटीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलेलं असतं) आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर तपासणी आणि मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या मोफत आहेत. राज्यानं १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले उपचार नि:शुल्क केलेत, केसपेपरचे पैसेही नाहीत. बाहेरून घ्यायच्या तर जनऔषधी दुकानात स्वस्त पडतात. किडनी गेलीच तर डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं.

पण जतच्या पूर्वभागातून आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला मिरज-सांगली गाठणं, दर वेळी चार तास यंत्राला जोडून बसणं आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडणं, हे कुठल्याच योजनेत बसत नाही. मिरजेत मिशनचं रुग्णालय १८९४ पासून आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून. कर्नाटकातून लोक इथं उपचाराला येतात. एवढी मोठी वैद्यकनगरी जिल्ह्यात असूनही माझ्या भागातला माणूस तिथं पोचतो तो शेवटच्या टप्प्यावर.

एक प्रसंग सांगते, अजून सलतो. बेदाण्याच्या शेडवर काम करणारे एक काका सहा महिने माझ्याकडं फिरकले नव्हते. कोणीतरी झाडपाल्याचा काढा दिला, ‘आठ दिवसांत गोळी सुटेल’ म्हणाला, गोळी सुटली. चपलेचा खिळा टोचला तो कळला नाही, कारण पायाची संवेदनाच गेली होती. आले तेव्हा घोट्यापर्यंत काळं पडलेलं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्यांच्या जुन्या केसपेपरवर पायाची तपासणी केल्याची एकही नोंद नव्हती. ती चूक माझी होती. तेव्हापासून शुगरचा पेशंट टेबलावर झोपला की आधी मोजे-चपला काढायला लावते.

भाकरी की चपाती?

ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली, तंतू जास्त, पोट लवकर भरतं. पण ‘भाकरीनं शुगर वाढत नाही’ हा समज घेऊन चार भाकऱ्या खाल्ल्या तर वाढणारच. एक भाकरी, तेवढीच मोठी वाटी उसळ किंवा डाळ, पालेभाजी, काकडी-मुळा, ताक. मटकी, हुलगा, चवळी हे आपल्या माळाचं धान्य आहे, ते ताटात परत आणा. मांसाहार करत असाल तर अंडं, मासे चालतात. रश्श्यावरचा तेलाचा तवंग आणि सोबतचा डोंगराएवढा भात नाही चालत. भडंग हे चुरमुरेच आहेत, म्हणजे भातच. मूठभर खा, ताटभर नको.

उपवास आणि वारी?

आषाढीच्या दिवशी माझ्याकडं दोन प्रकारचे पेशंट येतात. एक, साबुदाणा-बटाटा-रताळं खाऊन शुगर चारशेवर गेलेले. दुसरे, निरंकार उपवास करून ग्लिमेपिराइड मात्र नेमानं घेतलेले. घाम फुटलाय, हात थरथरतायत, डोळ्यांपुढं अंधारी. दुसरं जास्त धोक्याचं, कारण शुगर एकदम खाली गेलेली असते. असं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, गाडीत घाला. साखर दिल्यानं व्रत मोडलं म्हणून रडणाऱ्या एका आजींना मी म्हटलं होतं, पांडुरंगाला तुम्ही पुढच्या वर्षीही यायला हव्या आहात.

उपवास करायचाच असेल तर चार दिवस आधी डॉक्टरांना विचारून गोळ्यांची वेळ ठरवा. वारीला जाताना अनवाणी चालू नका, रोज रात्री पायाचे तळवे कोणाकडून तरी बघून घ्या.

पूर आला, लाईट गेली तर इन्शुलिनचं काय?

२०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णाकाठच्या लोकांना हे कळलं. घर सोडताना कागदपत्रांच्या पिशवीत पंधरा दिवसांच्या गोळ्या, जुनी चिठ्ठी आणि इन्शुलिन ठेवायची सवय लावा, पावसाळाभर. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते. उन्हाळ्यात फ्रीज नसेल तर मातीच्या माठात ओली वाळू आणि वर ओलं फडकं, त्यात बाटली कोरड्या डबीत घालून ठेवा. बर्फात गोठलेलं इन्शुलिन टाकून द्या. आणि पुराच्या पाण्यातून अनवाणी चालू नका.

सुनेला दिवस गेलेत, तिलाही ग्लुकोज पाजलं. कशासाठी?

गरोदरपणातला मधुमेह शोधायला. आपल्याकडच्या राष्ट्रीय पद्धतीत पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज देतात, उपाशी असण्याची अट नाही, आणि दोन तासांनी शुगर १४० किंवा जास्त आली की उपचार सुरू. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तिची पुन्हा तपासणी करा. बाळाच्या बारशाच्या गडबडीत ही तपासणी हमखास राहते, आणि पुढं याच बायकांना मधुमेह होण्याचा धोका मोठा असतो.

शुगर आणि टीबीचा काय संबंध?

मधुमेहात टीबी होण्याचा धोका दोन ते तीन पट असतो. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासा, आणि टीबीच्या प्रत्येक पेशंटची शुगर.

पायाला मुंग्या येतात, ते शुगरमुळंच का?

बहुतेकदा हो. पण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यानं बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, शाकाहारी माणसात ते आधीच कमी असतं, आणि त्यानंही मुंग्या येतात. रक्तातून तपासता येतं. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

मधुमेह मुळापासून बरा होतो का?

नव्यानं झालेल्या काहींची शुगर भरपूर वजन घटवल्यावर गोळीशिवाय काबूत राहते. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात वर्षभरात ४६ टक्के लोकांना हे जमलं. वजन परत वाढलं की शुगर परत येते, म्हणून तपासणी सुटत नाही. कारल्याचा रस, मेथ्या घ्यायच्या तर घ्या, गोळीच्या जागी नको. आणि ज्या लहान मुलांना टाईप १ मधुमेह (शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही असा) आहे, त्यांचं इन्शुलिन कोणाच्याही सांगण्यावरून एक दिवसही बंद करू नका. त्यात जीव जातो.

गावानं काय करावं?

ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा: तिशीपुढच्या किती जणांची तपासणी झाली, आणि ज्यांना शुगर निघाली त्यातले किती जण गेल्या महिन्यात गोळी न्यायला आले? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळीकडं तयार असतं. दुसऱ्याचं नसतं.

आमच्या शेजारच्या एका गावात आशाताईंनी यासाठी साधी दोनशे पानी वही घातलीय. गोळी न्यायला न आलेल्यांची नावं त्या महिनाअखेरीला बाजूला लिहितात आणि घरी जातात. गेल्या महिन्यात नऊ नावं होती. सात जण आठवड्याभरात येऊन गोळ्या घेऊन गेले. दोघं गलाईच्या दुकानावर कोईमतूरला गेलेले निघाले. त्यांना फोन करून औषधाची नावं सांगितली, आणि तिथल्या सरकारी केंद्रात जाऊन आलो की तिथल्या चिठ्ठीचा फोटो पाठवा म्हटलं. एकाचा आलाय. दुसऱ्याला या रविवारी पुन्हा फोन करायचा आहे.